कॅपस्टोन कुठे अडकतो? या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि जनरल एज्युकेशनमधला (सगळ्या शाखांसाठी असलेल्या सामाईक अभ्यासक्रमातला) कॅपस्टोन, म्हणजे शेवटी करायचं मोठं गटकाम, यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच बिनसतं. प्रोजेक्टमध्ये तुमच्या विषयातलं कौशल्य तपासतात. जनरल एज्युकेशनच्या कॅपस्टोनमध्ये वेगवेगळ्या शाखांची मुलं मिळून बाहेरच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम उभं करतात. ओरेगनमधल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीचा १९९४ मध्ये सुरू झालेला ‘युनिव्हर्सिटी स्टडीज’ कार्यक्रम यासाठी ओळखला जातो. त्याच्या शेवटच्या टप्प्यावर स्थानिक संस्थेसोबत ६ क्रेडिटचा कॅपस्टोन ठेवलेला आहे. तिथे येणाऱ्या अडचणी कुठेही येतात.

विषय अवाढव्य घेणं

सर्वांत जास्त गट इथेच आपटतात. तिथलं सत्र १० आठवड्यांचं. वर्ग धरून एका क्रेडिटमागे आठवड्याला ३ तास, म्हणजे ६ क्रेडिटना १८ तास. ऐकायला भरपूर वाटतात. पण संस्थेच्या ईमेलची वाट पाहण्यात त्यातले दोन आठवडे सहज जातात. ‘शहरातली अन्नसुरक्षा’ असा विषय घेतला तर सहाव्या आठवड्यातही वाचनच चालू असतं. ‘अन्नवाटप केंद्रावर नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आठ पानी पुस्तिका’ मात्र वेळेत होते.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या आत एक पानी कबुलीपत्र. त्यात काय देणार, ते कोण वापरणार, काय करणार नाही, संस्थेकडून उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत, हे लिहा. ‘काय करणार नाही’ ही ओळ वगळायचा मोह होतो. नंतर ‘जाता जाता वेबसाइटही करून द्या’ असं संस्थेने म्हटलं की तीच कामी येते.

पहिला मसुदा शेवटी दाखवणं

सातव्या आठवड्यात कच्चा का होईना, मसुदा संस्थेच्या हाती पडला पाहिजे. तो नववा आठवडा संपता संपता गेला तर दुरुस्त्या सादरीकरणाच्या दिवशी कळतात, आणि तोवर गट मनाने पांगलेला असतो.

शाखेनुसार वाटणी

कॉमर्सच्या मुलीने बजेट, कॉम्प्युटरवाल्याने फॉर्म, इंग्रजीवाल्याने अहवाल, असं वाटून घेतलं की शेवटी तीन तुकडे स्टेपल होतात. बजेटमध्ये ४० स्वयंसेवक आणि अहवालात ६०, असले घोळ यातूनच होतात. प्रत्येक भाग एकाने लिहावा, दुसऱ्या शाखेच्या कुणीतरी प्रश्न विचारत वाचावा, आणि शेवटचा हात एकाच संपादकाचा असावा.

परवानगी न घेता मुलाखती

माहिती फक्त संस्थेच्या कामासाठी आहे की संशोधन म्हणून छापणार, हे आधी ठरवा. अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनासाठी विद्यापीठाच्या नीतिमंडळाची मंजुरी लागते; तिला आठवडेच्या आठवडे लागू शकतात आणि ती मागाहून मिळत नाही. खात्री नसेल तर पहिल्या आठवड्यातच शिक्षकांमार्फत मंडळाला विचारा.

चिंतन म्हणजे आभारप्रदर्शन

कामातून काय शिकलात हे सांगणाऱ्या चिंतनपर लेखात ‘खूप काही शिकायला मिळालं’ या वाक्याला गुण देणार तरी कशाचे? एकच निर्णय निवडा: आधी काय ठरलं होतं, कोणत्या माहितीमुळे बदललं, आणि तुमच्या शाखेतली कोणती सवय तिथे आड आली.

आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंट आणि फील्ड प्रोजेक्ट आले आहेत. यूजीसीच्या आराखड्यात अशा कामाचं १ क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास, म्हणून २ क्रेडिटचं काम ६० तासांचं. सहा क्रेडिटचा आराखडा जसाच्या तसा उचलू नका. गट लहान ठेवा आणि संस्थेला एकच गोष्ट द्या.

सुपूर्द करायचं राहून जाणं

फाइल एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी गूगल ड्राइव्हवर असते. तो पदवी घेऊन गेला, खातं बंद झालं की पुस्तिकेत दुरुस्ती करायलाही कुणी उरत नाही. नवव्या आठवड्यात फाइलची मालकी संस्थेच्या खात्याकडे वळवा, बदलता येणारी प्रत आणि पासवर्ड द्या, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला तुमच्यासमोर एक ओळ बदलून सेव्ह करायला सांगा.