जुन्या वृत्तपत्रांत सोलापूर कसे शोधावे

इंग्रजी वृत्तपत्रांचे संग्रह चाळताना आधी स्पेलिंग बदला. ब्रिटिश काळात हे नाव एसनंतर एच घालून, म्हणजे ‘शोलापूर’ असे छापले जाई. जुने पान यंत्राने वाचताना यू आणि एन यांची गल्लत होते, म्हणून ते चुकलेले रूपही एकदा टाकून पाहा.

सुरुवात ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडच्या ‘पेपर्स पास्ट’ या ऑनलाइन संग्रहांपासून करा. दोन्ही मोफत आहेत आणि तिथल्या पत्रांत हिंदुस्थानच्या तारा छापल्या जात. नुसते गावाचे नाव टाकलेत तर मे १९३० चाच ढीग समोर येईल: ८ मेचा गोळीबार, पोलिसांच्या हत्या, १२ मेपासून लष्करी कायदा. एकच तार कितीतरी पत्रांनी छापलेली असते. मजकूर जुळला की ती एक बातमी धरा. तार कुठून सुटली ते मजकुराच्या आरंभी असते, ते टिपाच. उन्हाळ्यात हिंदुस्थान सरकार शिमल्यात असे, त्यामुळे शिमल्याची तार बहुधा सरकारी बाजू सांगते. ‘दंगल’ हा शब्द कोणी वापरला, हे त्यावरूनच कळते. घटनेची तारीख आणि छपाईची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. परदेशी पत्रांत ही नावे वाटेल तशी लिहिली जात, तर कधी वगळलीही जात. इथे नावांऐवजी तारखेवरून शोधा आणि पुढचा आठवडाभर पाने पाहा.

गिरण्यांचे शहर मात्र पहिल्या पानावर क्वचितच भेटते. ते बाजारभावांच्या पानावर, बारीक टायपात, संक्षिप्त नावांनी असते. तिथे शब्दशोध हमखास फसतो, पान डोळ्यांनीच वाचावे लागते. आणखी एक घोळ म्हणजे १९५० च्या बातम्यांतले ‘शोलापूर’ पुष्कळदा गाव नसून सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे जुनी गिरणी असते. सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला आणि त्याविरुद्धची एका भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळाच्या बातम्यांत तेच नाव जिल्ह्याचे असू शकते. तिन्हींसाठी वेगळ्या खुणा ठेवा, नाहीतर शहराविषयीचे निष्कर्ष चुकतील.

मराठी पत्रांत, म्हणजे ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९ पासून) किंवा ‘केसरी’त (१८८१ पासून), शब्दशोधावर विसंबू नका. जुने देवनागरी खिळे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. इंग्रजी बातमीवरून तारीख काढा आणि पुढच्या दोन आठवड्यांचे अंक ओळीने वाचा. अंक मिळाला नाही तर सरकार देशी पत्रांचे जे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे काढी, ते मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मागा. पण तो सरकारी अनुवादकाने निवडलेला मजकूर आहे, मूळ लेख म्हणून तो उद्धृत करू नका.

प्रतिमा जतन करताना कात्रण नको, पूर्ण पान घ्या: तारीख, पृष्ठक्रमांक आणि स्तंभ दिसलाच पाहिजे.