जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवताना

पायावरची जुनाट जखम व्हिडिओ कॉलवर दाखवायची असेल, तर कॉलआधीच चांगले फोटो काढून ठेवा. हलत्या कॅमेऱ्यात फारसं काही दिसत नाही. पट्टी सोडल्यावर आधी तिचाच फोटो घ्या. किती आणि कसल्या रंगाचा स्राव आलाय, हे डॉक्टरांना त्यावरून कळतं. मग जखम सलाइनने धुऊन, शेजारी कागदी मोजपट्टी ठेवून, फोन अगदी सरळ धरून फोटो काढा. तिरक्या फोटोत माप चुकतं. खिडकीजवळचा उजेड उत्तम, फ्लॅश नको. ओल्या जखमेवर तो चकाकतो. ब्यूटी फिल्टर बंद आहे ना, तेही बघा! एक फोटो जवळून, एक पूर्ण पाऊल दिसेल असा. दर वेळी अंतर तेच ठेवा, नाहीतर मागच्या फोटोशी तुलना होणार कशी?

वास, ऊब आणि दुखणं फोटोत येत नाही, ते तोंडी सांगा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून जखमेच्या आजूबाजूला हाताची मागची बाजू लावून ऊब जाणवते का ते पाहा. मधुमेह असेल तर ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. ताप आला, लाली किंवा सूज पसरली, कडा काळी पडली, तर कॉलची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.