मावशीच्या नावाने धावायचं, तर आधी पैशाचं बोलू

माझी मावशी शाळेत गणित शिकवायची. डिमेन्शियात आमची नावं गेली, पण पावकी-निमकी शेवटपर्यंत तोंडपाठ. तिच्या नावाने, डिमेन्शियावर काम करणाऱ्या संस्थेसाठी देणग्या गोळा करत, मी मुंबईची अर्धी मॅरेथॉन धावले, २१.०९७ किलोमीटर. कोणाला असं करायचं असेल तर जानेवारीतल्या शर्यतीची तयारी गणपतीतच सुरू करा.

आधी संस्था ठरवा. या शर्यतीच्या देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई ही स्वयंसेवी संस्था बघते. त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थांच्या यादीत डिमेन्शियावर काम करणारं कोणी आहे का ते पाहा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया १९९२पासून या क्षेत्रात आहे. संस्थेला फोन करून एकच विचारा: पैसा नेमका कशावर जाणार? डे-केअर, की घरच्यांचं प्रशिक्षण? हे उत्तर तुम्हाला पुढे शंभरदा द्यायचंय.

मग देणगी मागायचा मेसेज. इथे मात्र वेळ घाला. भावाने मावशीचा शेवटच्या दिवसांतला, अंथरुणावरचा फोटो सुचवला होता. मी साफ नाही म्हटलं. स्वतःच्या फोटोला हो-नाही म्हणायची ताकद जिच्यात उरली नव्हती, तिचा तसा फोटो दोनशे जणांच्या ग्रुपवर कशाला? मी मावशीचा खडू हातात घेतलेला, फळ्यापुढचा फोटो लावला आणि लिहिलं: "मावशीने ज्यांना ज्यांना अपूर्णांक शिकवले, त्यांनी जमेल तेवढा पूर्णांक द्यावा." जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले ते त्यावरच.

पहिली देणगी घरातून टाका. देणग्यांच्या रिकाम्या पानावर पहिलं नाव आपलं असावं असं कोणालाच वाटत नाही. मागायचं ते पगाराच्या आठवड्यात, आणि एकेकाला वेगळं. ग्रुपवर टाकलं की सगळे हात जोडलेली चित्रं पाठवतात, बस्स.

पैसे स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, देणाऱ्याच्या नावाची पावती मिळत नाही. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर पॅन लागतो, २,००० रुपयांपुढची रोख चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही. आधीच सांगून टाका. अमेरिकेतल्या मावसभावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचे पैसे घेता येत नाहीत.

सरावाचं थोडक्यात. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांना दाखवून या. आठवड्यातून तीन दिवस हळू, रविवारी लांब. अंतर दर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटरच वाढवा. ऑक्टोबर हीटमध्ये उजाडायच्या आत परत या. पेडर रोडचा चढ पाय थकल्यावर येतो, म्हणून लांब पळण्याच्या शेवटी एखादा उड्डाणपूल घ्या. फोटो छापलेला कॉटनचा टी-शर्ट घालू नका, घामाने जड होतो आणि छपाई काचते. साध्या ड्रायफिटवर नुसतं नाव पुरतं.

शर्यतीनंतर आठवड्याभरात सगळ्यांना एकूण रक्कम कळवा. "आमच्या बाबांचंही असंच चाललंय, काय करू?" असे निरोप येतील. तिथे वैद्यकीय सल्ला देत बसू नका. ऐकून घ्या, संस्थेचा नंबर द्या आणि चार दिवसांनी फोन लावला का ते विचारा.