सुधारत चाललेल्या घोड्यावर पैसे लावावेत का?

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडा घेणारा जाणता माणूस आधी दात, पाय आणि चाल पाहतो व मगच किमतीची गोष्ट काढतो. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्या मराठवाड्यातील वाचकांनीही हाच क्रम पाळावा, असे मला मनापासून वाटते.

मोजक्याच शर्यती धावलेला घोडा सहावा, चौथा, दुसरा असा वर सरकत असला, तरी केवळ क्रमांकावर विसंबू नये. विजेत्यापासूनचे अंतर किती लेंथने (म्हणजे घोड्याच्या किती लांबींनी) घटले, शर्यत तेवढ्याच पल्ल्याची आणि त्याच वर्गाची, म्हणजे तशाच दर्जाच्या घोड्यांची होती का, आणि शेवटच्या 200 मीटरमध्ये तो पुढच्यांना गाठत होता की पुढचेच दमून मागे येत होते, हे त्या शर्यतींचे चित्रीकरण दोनदा पाहून ठरवावे. वजनाचा हिशेब तर कधीच टाळू नये. घोड्यांना कुवतीनुसार कमी-जास्त वजन देणाऱ्या हँडिकॅप शर्यतीत रेटिंग (कुवतीचा अधिकृत आकडा) वाढले की पाठीवरचे वजनही वाढते, त्यामुळे किंचित सुधारणा त्या ओझ्यातच जिरून जाऊ शकते.

शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमध्ये मागच्या मांड्यांमध्ये फेसाळ घाम दिसला, तर घोडा धावण्याआधीच शक्ती खर्चत आहे, असे समजावे.

खरा प्रश्न भावाचा आहे. एका रुपयावर चार रुपये नफा देणारा भाव तेव्हाच परवडतो, जेव्हा जिंकण्याची शक्यता 20 टक्क्यांहून अधिक असते; तुमचा प्रामाणिक अंदाज 15 टक्क्यांचा असेल, तर घोडा कितीही आवडला तरी पैसे लावू नयेत. सुधारणा सगळ्यांच्याच डोळ्यांत भरली असेल तर भाव आधीच उतरलेला, म्हणजे मिळणारा नफा कमी झालेला असतो, आणि अशा वेळी त्याच्या पुढच्या शर्यतीची वाट पाहावी.