नवीन घराच्या पार्किंगला शटर किती फुटी घ्यायचं? कॉलम उभे राहायच्या आधी वाचा

बंगला किंवा रो हाऊस बांधताना लोक किचनच्या ओट्यावर महिनाभर चर्चा करतात, पार्किंगचं शटर मात्र पार शेवटी, प्लास्टर झाल्यावर, शटरवाल्याला फोन करून "या आणि माप घेऊन जा" एवढ्यावर उरकतात. तोपर्यंत कॉलम उभे असतात, बीम पडलेला असतो, तो बिचारा जेवढी जागा उरलीय तेवढीला शटर लावून देतो आणि मग आपण रोज आरसे मिटून गाडी आत घालत बसतो. हे माप फूटिंग, म्हणजे कॉलमच्या पायाचे खड्डे, खोदायच्या आधी ठरवायचं असतं, आर्किटेक्टच्या नकाशावर, पेन्सिल चालते तोवर.

अजून एक, नेटवर शोधलं की ८ बाय ७, ९ बाय ७, १६ बाय ७ असे तक्ते मिळतात. ते अमेरिकेतले आहेत, तिकडे दारं ठराविक मापात तयार मिळतात म्हणून घर दाराच्या मापात बसवतात. आपल्याकडे शटर मापाप्रमाणे बनवून मिळतं, साडेनऊ फूट सांगा नाहीतर सव्वाअकरा, त्यामुळे त्या तक्त्यांच्या नादी लागायचं कारण नाही.

१. गाडीचं खरं माप काढा

कंपनी रुंदी सांगते ती बॉडीची, आरसे सोडून. स्विफ्ट १७३५ मिमी, क्रेटा १७९०, फॉर्च्युनर १८५५, स्कॉर्पिओ-एन १९१७. आरसे उघडे धरले की दोन्ही बाजू मिळून आठ-नऊ इंच सहज वाढतात, म्हणजे स्कॉर्पिओ-एन झाली जवळपास ७ फूट. आता ८ फुटी शटर घेतलं असं धरा, ८ फूट म्हणजे २४३८ मिमी. शटर दोन भिंतींच्या मधे बसवलं तर दोन्ही बाजूंचे गाईड, म्हणजे ज्या चॅनेलमधून पट्ट्या वरखाली होतात ते, प्रत्येकी ६५ ते ७५ मिमी खातात, उरले साधारण २२९० मिमी. गाडी गेली २१४० ला. राहिले दोन्हीकडे तीन-तीन इंच, तेही गाडी अगदी सरळ आली तर! रात्री पावसात, मागच्या सीटवर पोरं भांडत असताना कोण सरळ आणतंय?

म्हणून एका गाडीला मोकळं ९ फूट हे कमीत कमी, १० फूट बरं. मोकळं म्हणजे गाईड लागल्यावर उरणारं. आज दारात वॅगन-आर आहे म्हणून ८ फुटावर भागवू नका, घर पन्नास वर्षं राहतं, गाडी सात-आठ वर्षांत बदलते आणि हल्ली बदलणारा माणूस मोठीच गाडी घेतो.

२. आतली जागा, आणि उजवी बाजू

आपल्या महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत, म्हणजे २०२० च्या युडीसीपीआरमध्ये, एका गाडीच्या पार्किंगची जागा २.५ बाय ५ मीटर धरलीय. ती मंजुरीपुरती जागा आहे, तिन्ही बाजूंनी भिंती आल्या की त्यात दार उघडून माणूस उतरवणं अवघड होतं. भिंतींच्या आतून १० फूट रुंदी आणि १८ फूट लांबी ही अगदी शेवटची मर्यादा, जमलं तर ११-१२ आणि २०.

आता गाडी मधोमध उभी करायची नसते. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, नाक आत घालून लावत असाल तर उजव्या भिंतीकडे अडीच-तीन फूट पाहिजेत, रिव्हर्सने लावत असाल तर डाव्या. घरात आजी-आजोबा असतील तर ते बाहेरच उतरतात, त्यांचा प्रश्न येत नाही, पण कोसळत्या पावसात तेही आतच उतरायचं म्हणणार. मग शटरही खोलीच्या मधोमध कशाला हवं? ते ज्या बाजूला गाडी लागणार त्या बाजूला थोडं सरकवून घ्या, उरलेल्या बाजूला भिंत मिळते, तिथे कपाट, पाण्याचा नळ, जिन्याकडे जायचं दार बसतं.

आणि टू-व्हीलर विसरू नका. नकाशात फक्त कार काढलेली असते, राहायला गेल्यावर एक ॲक्टिव्हा, एक बुलेट आणि पोरांच्या दोन सायकली कुठून तरी उगवतातच. तीन फुटी पट्टी त्यांच्यासाठी वेगळी धरा, आणि ती अशी की कार न हलवता टू-व्हीलर बाहेर काढता येईल. नाहीतर सकाळी दूध आणायला जायचं तरी कारची किल्ली शोधा.

३. फक्की मारून गाडी फिरवून बघा

ही पायरी सगळे सोडतात आणि खरं तर हीच फुकट आहे. लाईनआऊटच्या दिवशी, म्हणजे नकाशा जमिनीवर आखतात त्या दिवशी, मिस्त्रीकडे फक्की, म्हणजे आखायची पांढरी पूड, असतेच, त्यालाच सांगा गेट, शटर आणि आतल्या भिंती जमिनीवर मारून दे, कॉलम येणार तिथे बांबू नाहीतर विटांची चवड उभी करा. मग आपली गाडी रस्त्यावरून आणा, समोरच्याची गाडी जशी रोज लागते तशी लागलेली असताना, आणि आत घाला. एका दमात गेली तर ठीक. दोनदा मागेपुढे करावी लागली तर ओपनिंग वाढवा नाहीतर जागा सरकवा. मग त्याच गाडीतून रिव्हर्सने बाहेर या, कारण रोज एकदा तेही करायचंच आहे.

रस्ता ९ मीटरचा असेल तर १० फुटी गेट चालून जातं, ६ मीटरची गल्ली असेल तर १२ फूट धरा, गाडीला वळायला जागा रस्त्यात मिळाली नाही तर ती गेटमध्येच काढावी लागते. स्विफ्टला वळायला ४.८ मीटर त्रिज्या लागते, फॉर्च्युनरला ५.८, एका मीटरचा हा फरक गल्लीत चांगलाच जाणवतो. गेट आणि शटर एका रेषेत असतील तर शटर लहान चालतं, आत आल्यावर वळून शटरमध्ये शिरायचं असेल तर शटरला फूट-दोन फूट वाढवून द्या.

वास्तूवाले पार्किंग वायव्येला सांगतात. प्लॉटला रस्ता एकच आणि तो दक्षिणेला, तर गाडी वायव्येला उडत जाणार का, हे त्यांना आधी विचारून घ्या.

४. दोन गाड्या असतील तर एक मोठं की दोन लहान

एक मोठं म्हणजे मोकळं १६ फूट, दोन लहान म्हणजे ९-९ आणि मधे फूटभर कॉलम, एकूण १९. दोन लहानांचा फायदा असा की एक बिघडलं तरी दुसरी गाडी निघते, बीम लहान राहतो, शटर हाताने उचलता येतं. तोटा तो मधला कॉलम. गाडी सरळ येत असेल तर काही त्रास नाही, पण वळून येत असेल तर कॉलमवर रंगाचे ओरखडे पहिल्याच वर्षी दिसतील. माझं मत विचाराल तर सरळ एंट्रीला दोन, वळणाच्या एंट्रीला एक.

मात्र १६ फूट मोकळं पाहिजे म्हटलं की वरचा बीम जाड होतो, दीड फुटापर्यंत खाली येऊ शकतो, त्यामुळे उंचीचा हिशोब बदलतो, हे आरसीसी डिझायनरला आधी सांगा. वजनही बघा. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या, दरसूचीत १० चौरस मीटरच्या वरच्या शटरला चेन-गिअर वेगळा धरलेला असतो. १० चौरस मीटर म्हणजे १०७-१०८ चौरस फूट. १० बाय ८ चं शटर ८० भरतं, हाताने वर जातं. १६ बाय ८ चं १२८ होतं, तिथे गिअर नाहीतर मोटर लागणारच.

प्लॉट २०-२२ फुटी असेल तर एकामागे एक दोन गाड्या लागतात, शटर एकच १० फुटी आणि खोली ३६ फूट लांब. चालतं, फक्त सकाळी आधी कोण निघणार हे नवरा-बायकोने आधी ठरवून घ्यावं.

५. उंची: सगळ्यात जास्त घोळ इथे

मिस्त्रीच्या हाताला सवय असते, लिंटेल, म्हणजे दरवाजाच्या डोक्यावरची काँक्रीटची पट्टी, म्हटलं की ७ फूट. दरवाजाला ते बरोबर आहे. शटरला तेच लिंटेल मारलं, शटर ओपनिंगच्या आत बसवलं, की वरचा गुंडाळलेला रोल १२ ते १५ इंच खाली लटकतो आणि राहतात पावणेसहा-सहा फूट. थार रॉक्स १९२३ मिमी उंच आहे, म्हणजे ६ फूट ४ इंच, आणि कुणी वर कॅरिअर लावलं तर अजून पाच-सहा इंच.

त्यामुळे मोकळी उंची साडेसात ते ८ फूट ठेवा, लिंटेल तिथे मारा, आणि रोलसाठी लिंटेलच्या वर आतल्या बाजूने सव्वा ते दीड फूट भिंत मोकळी ठेवा. म्हणजे फरशीपासून वरच्या स्लॅबच्या किंवा बीमच्या तळापर्यंत साडेनऊ फूट तरी हवेत. स्लॅब १० फुटावर आहे म्हणून निवांत राहू नका, शटरच्या डोक्यावरचा बीम कुठे संपतो ते बघा. आणि ही सगळी मापं तयार फरशीपासूनची, कच्च्या जमिनीपासूनची नाहीत, पेव्हिंग ब्लॉक किंवा फरशी बसली की तीन-चार इंच तिथेच जातात.

६. शटर कसलं

साधं रोलिंग शटर स्वस्त, दणकट, गावोगावी दुरुस्त होणारं. रुंदी साडेतीन मीटरच्या आत असेल तर २० गेजच्या पट्ट्या पुरतात, वर गेली की १८ गेज घ्या (गेजचा आकडा कमी तेवढा पत्रा जाड), नाहीतर वाऱ्यात पोट धरतं आणि खडखडतं. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्याला साधं लोखंड घेऊ नका, जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं, घ्या नाहीतर ॲल्युमिनियम, गंज सगळ्यात आधी गाईडच्या पायाला धरतो.

सेक्शनल दार, म्हणजे रुंद फळ्यांचं, वर जाऊन छताला समांतर झोपणारं, दिसायला सुंदर आणि आवाज कमी. पण त्याचे ट्रॅक स्लॅबखालून आत जातात, तिथे मधे बीम, पंखा, पाईप काही चालत नाही. हे हवं असेल तर इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर दोघांना आधीच सांगून ठेवा.

गाडी सीएनजीवर असेल तर पूर्ण बंद पेटी करू नका. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणून भिंतीत वरच्या बाजूला जाळी ठेवा किंवा शटरचाच वरचा भाग जाळीचा घ्या. उन्हाळ्यात कोंडलेली गरम हवाही तिथूनच जाते.

७. रॅम्प, गेट, पाणी

पार्किंगचं जोतं घराच्या जोत्याएवढं उंच करायचं नसतं. चढ १ ला ८ धरला तर दीड फूट चढायला १२ फूट रॅम्प लागतो आणि समोर मोकळी जागा बऱ्याचदा असते दहाच फूट, मग लोक रॅम्प रस्त्यावर गटाराच्या ढाप्यापर्यंत काढतात आणि एक दिवस पालिकेवाले येऊन फोडून जातात. फूटभर उंची पुरे, ८ फुटात काम होतं. फूटभर तरी का, तर दर काही वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडतो आणि रस्ता आपल्यापेक्षा उंच होऊन बसतो. आतल्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, २० फुटाला दोन-अडीच इंच, आणि शटरच्या रेषेच्या बाहेर जाळीची नाली टाका.

सरकतं गेट असेल तर गेटएवढीच लांबी बाजूला भिंतीला हवी. १२ फुटी गेट म्हणजे २४ फूट गेले, ३० फुटी प्लॉटला उरलं काय, तर छोट्या गेटपुरती जागा. नाहीतर दोन पाकी, म्हणजे दोन दारांचं, गेट घ्या, पण ते आत उघडताना रॅम्पच्या चढाला टेकतंय का ते बघा.

८. लाईट आणि मोटर

मोटर आज लावायची नसली तरी शटरच्या वर एका बाजूला पॉइंट काढून ठेवा, आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी मीटरपासून जाड वायरचा वेगळा पाईप. मोटरच्या शटरला हाताने उघडायची चेन असते, पण ती आतल्या बाजूला. लाईट गेली, तुम्ही बाहेर आणि पार्किंगला दुसरं दार नाही, तर चेन असून उपयोग काय? म्हणून बाजूचं छोटं दार कराच.

९. शेवटचं माप आणि पैसे

ऑर्डर प्लास्टर आणि फरशी झाल्यावरच द्या. रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात कमी येईल ती धरा, कर्णही मोजा, दोन्ही सारखे नसतील तर भिंत तिरकी आहे, ती आधी मिस्त्रीकडून सरळ करून घ्या. भाव चौरस फुटावर असतो आणि बऱ्याच ठिकाणी रोलसाठी उंचीत फूट-दीड फूट आणि रुंदीत गाईड धरूनच बिल होतं, त्यामुळे १० बाय ८ चं बिल ८० चौरस फुटाचं येईल असं गृहीत धरू नका, माप कसं धरणार ते आधी कागदावर घ्या.

बसवून झालं की हाताचं शटर अर्ध्यावर आणून सोडा, स्प्रिंग बरोबर ताणली असेल तर तिथेच थांबतं, धाडकन खाली आलं किंवा आपोआप वर पळालं तर स्प्रिंग पुन्हा जुळवायला लावा. मग आतून लाईट बंद करून खालची फट बघा, कुलपाचे दांडे दोन्हीकडच्या भोकात सहज बसतात का बघा, गाडी एकदा आत-बाहेर करा. शेवटचा हप्ता त्यानंतर.