तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्याचं कपाट उघडण्याआधी

घरातल्या कुणीतरी उभी हयात कोकणातल्या आपल्या तालुक्याचे कागद जमवण्यात घालवली असेल, तर त्यांच्यामागे गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत पहिला प्रश्न निघतो तो जागेचा. रद्दीवाल्याला बोलावायच्या आधी थोडी तयारी करा.

हे काम पावसाळ्यात काढू नका. मुंबईच्या ओल्या हवेत गठ्ठे सोडून ठेवले की बुरशीला आमंत्रणच. दिवाळीनंतर बसा आणि होळीच्या आत उरका. मोठं टेबल नसेल तर दोन खाटा जोडा आणि वर धुतलेली पांढरी चादर घाला. पांढऱ्यावर कसर पळताना दिसते आणि कागदाचा सुटलेला कपचाही दिसतो. मास्क, मऊ ब्रश, शिसपेन्सिल, सुती नाडी आणि कोरडी खोकी एवढं जवळ असू द्या. पेन, सेलोटेप, रबरबँड, स्टेपलर दुसऱ्या खोलीत. हातमोजे नकोत. मोज्यातून कागदाची कड बोटांना कळत नाही आणि जुना कागद फाटतो तो कडेलाच. हात साबणाने धुऊन नीट कोरडे केले की झालं. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, तपकिरी डागाएवढा कागद तिच्याबरोबर निघून येतो. तिच्याखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवा आणि कागद हळूहळू सोडवा. लॅमिनेशनचं नाव कुणी काढलं तर त्याला चहा करायला पाठवा.

आता खरं महत्त्वाचं. काही हलवायच्या आधी प्रत्येक फळीचे फोटो काढा आणि गठ्ठे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्यांना आकडे द्या. घरच्यांना हमखास सुचतं ते असं, की सगळी पत्रं एकीकडे, फोटो एकीकडे, कात्रणं एकीकडे. दिसायला टापटीप, पण अभ्यासकाचं काम त्यात मोडून पडतं. कॅलेंडरच्या पानामागे एखादी वंशावळ उतरवलेली असते, तिच्यावर ना गावाचं नाव ना सांगणाऱ्याचं. ती ज्या पोस्टकार्डांच्या पुडक्यात आहे त्यांवरच्या शिक्क्यांवरून गाव ठरतं. पुडक्यातून काढली की ती कुणाचीच राहत नाही. म्हणून कागदाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक '३/१४' लिहा, म्हणजे तिसऱ्या गठ्ठ्यातला चौदावा कागद. छापून आलेले लेख कुठल्यातरी ग्रंथालयात सापडतील. कोणी, कधी, कुठल्या ओसरीवर काय सांगितलं याची टिपणं या कपाटाबाहेर कुठेही नाहीत.

गॅझेटिअरमधून, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्ह्यांच्या माहितीग्रंथांतून, उतरवून घेतलेल्या वह्यांत फार वेळ घालवू नका. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० सालचा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा, आणि दोन्ही आजही वाचायला मिळतात. मात्र समासात 'हे चूक, खोत वेगळे' असं काही खरडलेलं असेल तर ते पान वेगळं नोंदवा. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली, पण तिच्या हकीकती लोकांच्या तोंडी पुढेही राहिल्या आणि असे अभ्यासक त्या टिपत राहिले. अलिबागकडचे कागद असतील तर १९३३ ते १९३९ च्या चरीच्या संपाबद्दल, म्हणजे खोतांविरुद्ध कुळांनी केलेल्या संपाबद्दल, कुणाच्या आठवणी आहेत का तेही बघा.

जुन्या सनांवरून इसवी साल काढायला हिशेब लिहिलेला एक पुठ्ठा टेबलावर टेकवून ठेवा. शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. फसली, म्हणजे महसुली सनात साधारण ५९०. मराठेशाहीच्या कागदांवरच्या सुहूर सनात ५९९ आणि जानेवारी ते मृग ६००. हा सन अक्षरांत लिहितात, त्यामुळे नवखा माणूस तो नाव समजून सोडून देतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. जानेवारीतला कागद असेल तर १७६१, पानिपताचा महिना. मोडी जाणणाऱ्याला बोलावलंत तर अख्खा कागद वाचायला लावू नका. गाव, तारीख, दोन नावं आणि विषय, एवढ्या एका ओळीवर पुढे सरका.

जिल्ह्यांच्या नावांनी फसू नका. कणकवली-मालवण १९८१ च्या मेपर्यंत रत्नागिरीत होते, सिंधुदुर्ग नंतरचा. त्याच वर्षी जानेवारीत कुलाब्याचं रायगड झालं. यादीत कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहा आणि शेजारी आजचा जिल्हा.

उसने कागद मात्र सगळ्यांत आधी शोधा. सनदा, महजर (गावसभेपुढच्या निवाड्याचे कागद), देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या गावच्या घरांतून 'उतरवून परत देतो' म्हणून आणलेल्या असतात, आणि परत देणं राहून गेलेलं असतं. पाकिटावर नाव असेल तर गावी फोन करा, फोटो काढून घ्या आणि मूळ कागद त्यांचे त्यांना द्या. जमिनीचे वाद अजून जिवंत आहेत, त्यामुळे असा कागद गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. हक्कांचंही पाहून ठेवा. अभ्यासकांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर निदान साठ वर्षं वारसांकडे असतो. त्यांना आलेल्या पत्रांच्या मजकुराचा हक्क मात्र पत्र लिहिणाऱ्याचा.

संग्रह द्यायचा झाला तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टातली एशियाटिक सोसायटी, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, कुठेही थेट खोकी नेऊन टाकू नका. आधी यादी पाठवा आणि विचारा, संग्रह एकत्र ठेवाल का, कॅसेटी घ्याल का, गावचा माणूस आला तर त्याला बघायला मिळेल का. उत्तर लेखी मागा, आणि खोकी पोचवली की यादीच्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन ती घरच्या कागदपत्रांत ठेवा.