इंडिकेटरची हाऊसिंग खुळखुळते? या चुका टाळा

जुन्या गाडीत इंडिकेटरची दांडी वर-खाली करताना सगळी हाऊसिंगच, म्हणजे स्विच ज्यात बसतो ती खोळच, हलायला लागली, की बहुतेक जण पेचकस उचलतात आणि दिसेल तो स्क्रू आवळतात. पहिली चूक तिथेच होते. बाकीच्या बऱ्याचशा चुका याच घाईतून निघतात.

नेमकं काय हलतंय, हे न बघता आवळणं

हलण्याच्या जागा चार-पाच असतात: दांडी स्विचमध्ये, स्विच हाऊसिंगमध्ये, हाऊसिंग कॉलमच्या (स्टिअरिंगखालच्या खांबाच्या) नळीवर, कॉलम डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटमध्ये, किंवा शाफ्ट (व्हीलबरोबर फिरणारा आतला दांडा) वरच्या बेअरिंगमध्ये. हे बोटांनी कळतं. एका हाताचं बोट दोन भागांच्या सांध्यावर, अर्धं इकडे अर्धं तिकडे, टेकवा आणि दुसऱ्या हाताने दांडी हळू हलवा. बोटाखाली सरक जाणवली तर तोच सांधा सैल. मग स्टिअरिंग व्हील धरून वर-खाली ढकला. व्हीलबरोबर हाऊसिंगही डुलत असेल, तर इंडिकेटरचा स्विच निर्दोष आहे. दोष बेअरिंगमध्ये किंवा टिल्ट यंत्रणेत (व्हील वर-खाली कलवणाऱ्या) आहे.

जनरल मोटर्सच्या जुन्या टिल्ट कॉलममध्ये हा दोष ठरलेला. आत चार उलट्या टॉर्क्स (बाहेरून ताऱ्यासारख्या) डोक्याचे, ई-8 मापाचे बोल्ट असतात. ते ढिले झाले की व्हीलसकट वरचा सगळा भाग डुलतो. ते बोल्ट गाठायचे तर व्हील, लॉक प्लेट (स्टिअरिंग लॉक करणारी चकती), इंडिकेटर स्विच आणि टिल्टची हाऊसिंग काढावीच लागते. कॉलम सर्वांत वरच्या स्थितीत ठेवून आधी टिल्टची स्प्रिंग काढा, मगच पिव्हट पिना ओढा; उलट क्रमाने गेलात तर स्प्रिंग अंगावर येते. फटीतून पाना घालून हाताला येतील तेवढेच दोन बोल्ट आवळणाऱ्यांची गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा डुलते, कारण उरलेल्या दोघांवरचा भार आहे तसाच राहतो. बोल्ट एकेक काढा, तेल पुसा, मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा द्रव) लावून परत बसवा आणि चारही कोनाकोनी आवळा. चौघे एकदम बाहेर काढू नका.

हाताला लागेल तो लांब स्क्रू घालणं

या चुकीने गाड्या जळतात, म्हणून जरा सविस्तर. मूळ स्क्रू हरवलेला असतो किंवा त्याचे आटे गेलेले असतात, आणि डब्यातला त्याच जाडीचा पण लांब स्क्रू घातला जातो. हाऊसिंग घट्ट बसते आणि माणूस खूश होतो. स्क्रूचं टोक मात्र आत इंडिकेटर-हॉर्नच्या वायरिंगला टेकलेलं असतं. गाडीच्या कंपनाने इन्सुलेशन हळूहळू झिजतं. मग तक्रार येते ती अशी: कॉलम खाली टिल्ट केला की फ्यूज उडतो, वर केला की सगळं ठीक. कोणी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलतं, कोणी नवा स्विच आणतं, कोणी मागच्या दिव्यांचे होल्डर घासत बसतं. दोष सापडत नाही, तेव्हा शेवटी कोणीतरी जास्त अँपिअरचा फ्यूज घालतं. आता फ्यूज उडत नाही. त्याच्याऐवजी वायर तापते, शेजारच्या वायरींचं प्लास्टिक वितळतं आणि कॉलममधून धूर येतो. मोठा फ्यूज घालणाऱ्याला मी मेकॅनिक मानत नाही.

स्क्रूची लांबी टेबलावर ठरवा. सुटी हाऊसिंग हातात घेऊन स्क्रू पूर्ण आवळा आणि आतल्या बाजूने बघा. टोक एका आट्याहून जास्त बाहेर दिसलं तर तो स्क्रू नको. जस्ताच्या ओतीव भागात आट्यांची पकड स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट पुरते. 4 मिमीच्या स्क्रूला 6 ते 8 मिमी. त्याहून लांबीने मजबुती वाढत नाही.

घासलेल्या आट्यांत इपॉक्सी भरणं

जुन्या हाऊसिंग बहुधा जस्त-मिश्रधातूच्या असतात. आटे मऊ, त्यात वर्षानुवर्षांचं ग्रीस मुरलेलं. इपॉक्सी तिथे धरत नाही, आणि दांडी प्रत्येक वळणाला त्या सांध्यावर तरफेसारखा जोर देते. शिवाय पुढच्या माणसाला स्क्रू निघत नाही. योग्य उपाय धातूच्या स्प्रिंगसारख्या थ्रेड इन्सर्टचा. ड्रिलच्या पात्याला खोलीच्या खुणेची टेप गुंडाळा आणि भोक हाऊसिंग गाडीतून काढूनच पाडा. जागेवर पाडलेल्या भोकाचा कीस बेअरिंगमध्ये आणि स्विचच्या संपर्कांत जातो. कानच तुटला असेल तर जोडायच्या भानगडीत पडू नका, हाऊसिंग बदला.

क्लॅम्पखाली टेप

नळीभोवती क्लॅम्पने बसणाऱ्या हाऊसिंगमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो. इन्सुलेशन टेप उन्हात मऊ होऊन सरकते. आधी क्लॅम्पच्या दोन कानांमधली फट बघा. कान एकमेकांना टेकलेले असतील तर कितीही आवळा, पकड येणार नाही. कानशीने अर्धा मिमी घासा. नळी झिजली असेल तर 0.1 किंवा 0.2 मिमी पितळी पत्रा घाला. काही गाड्यांत हाऊसिंगला छोटी गुंडी असते, ती नळीच्या भोकात बसायला हवी. ती न बसवता आवळली, तर क्लॅम्प तिरका बसतो आणि पुन्हा ढिला होतो.

व्हील काढायला हातोडा

जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलांपासून धडकेत आत दबणारा कॉलम दिला. त्यातल्या प्लास्टिकच्या पिना ठराविक जोराने तुटण्यासाठीच केलेल्या असतात, आणि शाफ्टवर हातोडा बसला की त्या धडकेशिवायच तुटतात. मग हाऊसिंग दुरुस्त करायला निघालेला माणूस कॉलम शोधत फिरतो. पुलर (व्हील ओढून काढायचं अवजार) वापरा. पुलरचे बोल्ट हबमध्ये (व्हीलच्या मधल्या भागात) पाच-सहा आटेच घाला. जास्त खोल गेले तर खालची लॉक प्लेट आणि कॅन्सलिंग कॅम (वळणानंतर इंडिकेटर बंद करणारा भाग) दाबून तोडतात. आणि ओढण्याआधी शाफ्टवर आणि हबवर समोरासमोर खूण करा.

थोडक्यात, पण नेहमी होणाऱ्या

बॅटरीची ऋण तार न काढता काम सुरू करणं. कित्येक जुन्या गाड्यांत हॉर्नची वायर चावी बंद असतानाही जिवंत असते.

प्लास्टिकच्या भागांना थ्रेडलॉकर लावणं. तो काही प्लास्टिकला तडे पाडतो. तिथे स्प्रिंग वॉशर वापरा.

छोटे स्क्रू कॉलममध्ये पडू देणं. आधी शाफ्टभोवती कापड कोंबा आणि पेचकसाच्या टोकाला चिमूटभर ग्रीस लावा.

क्लॅम्पची बैठक रंगवणं. काही गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग कॉलममधूनच जातं, त्यामुळे रंगानंतर हॉर्न मुका होतो. बैठक धातूपर्यंत घासा.

चाकं सरळ न करता स्विच बसवणं. मग एका बाजूचा इंडिकेटर वळण संपण्याआधीच बंद होतो आणि दुसरा होतच नाही. सगळं परत जोडल्यावर प्रत्येक बाजूला इंडिकेटर देऊन व्हील अर्धा फेरा फिरवा आणि सरळ करा. दोन्हीकडे खटका सारख्याच जागी पडायला हवा. तसा पडत नसेल तर वरचं कव्हर लावू नका. आधी व्हील काढून कॅमची जागा दुरुस्त करा.